‘लेसर उतरलं’ म्हणून आलेला माणूस

“काकाजी, लेसर उतरलं माहं.”

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा. तीन दिवसांची झड लागलेली, रस्त्यावर कुत्रंही नाही, आणि हा गडी रेनकोटातून पाणी गाळत माझ्या चष्म्याच्या दुकानात उभा. घाटंजीच्या पलीकडे एका गावात त्याचं कृषी केंद्र आहे. वय ४१. डिसेंबर २००८ मध्ये नागपुरात त्यानं दोन्ही डोळ्यांचं लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन, करून घेतलं आणि माझं एक गिऱ्हाईक कमी झालं. साडेसोळा वर्षांनी ते परत आलं. खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे मी जी चूक केली तिच्यात या बरं वाटण्याचाही वाटा होता.

नाव-गाव गाळून, त्याला विचारून हे लिहितोय. लेसरनं गेलेला नंबर परत आला की आमच्याकडे ‘लेसर उतरते’ असं आता सर्रास बोलतात. ताप उतरतो, नशा उतरते, भिंतीचा रंग उतरतो, तसंच हे. कोणी दहा वर्षं सांगतं, कोणी पाच. या माणसाचा नंबर चार महिन्यांत तीनदा बदलला, आणि त्या तिन्ही वेळा लेसरचा संबंध जवळजवळ नव्हता.

सोबत त्याचा थोरला भाऊ होता. त्याला यायचं कारण वेगळं. त्याची मुलगी वीस वर्षांची, वर्ध्याला शिकते, जाड चष्मा आहे, आणि लेसर करून द्या म्हणून घरात मागे लागली आहे. भाऊ खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणाला, “सोळा वर्सात उतरलं पाहा याचं. मंग पोरीसाठी काऊन घालाव पैसा?” म्हणजे काकाच्या डोळ्यांवर पुतणीचा निकाल लागणार होता.

वहीतला माणूस

मी १९९४ पासून गिऱ्हाइकांचे नंबर वहीत लिहून ठेवतो. कॉम्प्युटर आला तरी वही सोडली नाही. या माणसाचं पान सापडलं. २००१ साली, बारावीत, उजवा उणे ३. कृषी महाविद्यालयात असताना २००४ ला उणे साडेचार. २००६ ला सव्वापाच. ऑक्टोबर २००८ ला साडेपाच, डावा त्याहून अर्ध्यानं कमी. शेवटच्या दोन वर्षांत नंबर फक्त पावानं सरकला होता. लेसर करण्याआधी निदान वर्षभर नंबर थांबलेला हवा, बदल अर्ध्यापेक्षा जास्त नको, असं डॉक्टर सांगतात. या हिशेबानं तो योग्य वेळी गेला होता.

आता त्याची तक्रार होती लांबच्या दिसण्याची. यवतमाळहून रात्री मोटरसायकलनं येताना समोरच्या गाडीचा दिवा फुटतो, डोळ्यांपुढे चांदण्या होतात. बसस्टँडवरच्या पाट्या धुरकट. जवळचं मात्र एकदम टकाटक, हे त्यानं न विचारता सांगितलं. तपासलं तर चष्म्याविना दोन्ही डोळे ६/१८. म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ अठरा मीटरवरून वाचता येते ती वाचायला याला सहा मीटरवर यावं लागतं. उजव्याला उणे पावणेदोन, डाव्याला उणे दीड लावलं की ६/६ पूर्ण.

मी चष्मा करून दिला. चूक झाली ती इथे.

तपासणी चालली असताना त्यानं माझ्याकडचे दोन गिलास पाणी प्याले. बाहेर झड, हवेत गारवा, आणि माणूस उन्हाळ्यासारखा पाणी पितोय. मध्ये एकदा उठून मागे लघवीला जाऊन आला. हे मी पाहिलं आणि सोडून दिलं. मनात एकच चाललं होतं: जुना चष्मेवाला, लेसर केलं होतं, थोडा नंबर परत आला, होतं असं. चाळिशीच्या माणसाचा नंबर अचानक बदलला तर आधी शुगर विचारायची, हे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. मी तीस वर्षं हेच करतोय आणि विचारलं नाही.

तीन की आठ

पोळा होऊन दोनेक आठवडे झाले असतील. तो परत आला तो चिडूनच. “तुमच्या चष्म्यानं तं आंधयं केलं मले.”

घडलं होतं असं. फवारणीचा हंगाम, केंद्रात गर्दी. एका शेतकऱ्यानं बाटली घेतली आणि पंपाला किती टाकायचं ते विचारलं. यानं चष्मा लावूनच लेबल वाचलं आणि सांगितलं, आठ मिली. गल्ल्यावर बसलेली बायको बाटल्यांच्या नोंदी करत होती, ती तिथूनच म्हणाली, “अजी, तीन हाये थे. आठ नाही.” त्यानं बाटली पुढे-मागे केली, दिव्याखाली नेली, तरी आठच दिसत होतं. शेवटी बायकोनं घेऊन वाचलं. तीनच होतं.

यवतमाळ जिल्ह्यात ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही. २०१७ च्या खरिपात इथे फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त जीव गेले, शेकडो लोक दवाखान्यात पडले. तेव्हापासून हा माणूस प्रत्येक गिऱ्हाइकाला मात्रा तोंडी सांगतो. बाटलीवरचा लाल किंवा पिवळा, विषाच्या खुणेचा तिरपा चौकोन दुरूनही दिसतो, पण मात्रा छापतात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. त्याची सगळी भिस्त त्याच्या डोळ्यांवर होती, आणि त्या दिवशी डोळ्यांनी दगा दिला. तो घाबरला होता. चिडणं हे घाबरण्याचंच झाकण होतं.

मी चष्मा काढायला लावला आणि परत तपासलं. लांबचं चष्म्याविना ६/९, ६/९! दीड महिन्यापूर्वी ६/१८ होतं. मग लेसर परत चढलं म्हणायचं का? रेटिनोस्कोपनं, म्हणजे डोळ्यात प्रकाशाची पट्टी फिरवून, नंबर काढला तर उणे नव्हताच. उजवा अधिक अर्धा, डावा अधिक पाऊण. नंबर शून्य ओलांडून पलीकडे गेला होता, आणि वर मी दिलेला उणे पावणेदोनचा चष्मा. दोन्ही मिळून त्या डोळ्याला नुसतं समोर बघायलाच सव्वादोन नंबरांचा जोर लावावा लागत होता, जवळचं वाचायला त्याहून अडीच जास्त. एकेचाळीस वर्षांच्या भिंगाला तेवढा जोर सहज झेपत नाही. तीनचा आठ होणारच.

“या महिन्यात दुसरं काही झालं का? तब्येत?”

“शुगर निघाली नं काकाजी.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पायाचं गळू बरं होईना म्हणून तो प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला. बोटाला सुई टोचून पाहिलं तर शुगर ३१२. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी झाली, ती १०.४ टक्के. गोळ्या सुरू झाल्या. गडी मनाचा पक्का, चहातली साखर त्याच दिवशी बंद, पोळ्याला पुरणपोळीला हात लावला नाही. महिन्यात उपाशीपोटीची शुगर १३० च्या आसपास आली. डॉक्टर खूश, बायको खूश. डोळ्यांचं काय होईल हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

भिंग पाणी पितं

डोळ्यात दोन जागी प्रकाश वाकतो. एक पुढची पारदर्शक काच, जिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात आणि आपण बुबुळ म्हणून मोकळे होतो. दुसरं तिच्या मागचं भिंग. लेसर होतं फक्त पुढच्या काचेवर. मागच्या भिंगाला ते शिवतही नाही.

रक्तातली साखर महिनोन्महिने वाढलेली असली की ती भिंगात शिरते, तिथे तिचं दुसऱ्या शर्करेत रूपांतर होतं, ती सहजासहजी बाहेर पडत नाही आणि पाणी ओढून घेते. भिंगाचा आकार आणि घनता बदलते. बहुतेकांचा नंबर उणेकडे सरकतो, म्हणून जुलैत त्याला लांबचं दिसेना आणि जवळचं टकाटक. मग उपचारानं साखर झपाट्यानं उतरली की गणित उलटं फिरतं, नंबर अधिककडे झुकतो, आणि जवळचं वाचता येईनासं होतं. साखर जितकी वेगानं उतरते तितका हा झोका मोठा. काही आठवड्यांत भिंग जागेवर येतं. त्यासाठी औषध नाही, ऑपरेशन नाही, आणि मुख्य म्हणजे त्या काळात चष्माही करायचा नसतो.

मी चष्मा परत घेतला, पैसे परत दिले. केंद्रात वाचायला तात्पुरता अधिक दीडचा तयार चष्मा दिला, त्याची किंमत घेतली नाही. दिवाळीनंतर ये म्हणालो. आणि लेबलं तोवर बायकोनं वाचायची. हे शेवटचं त्याला आवडलं नाही.

थोरला भाऊ या वेळी आला नव्हता. फोनवर मात्र विचारून झालं होतं: लेसर उतरलं की नाही, एक सांगा ना. एका वाक्यात सांगता आलं असतं तर सांगितलं असतं.

पिवळी फाइल

भिंगाचा झोका बाजूला काढला तरी मूळ प्रश्न राहतोच. साडेसोळा वर्षांत पुढच्या काचेचं काय झालं? हे तपासायला जुनं मोजमाप हवं. नव्वद टक्के लोकांकडे ते नसतं. माझा अंदाज सांगतोय, मोजणी नाही. ऑपरेशननंतर चष्मा गेला म्हणजे कागदही गेला असंच सगळे धरतात. याच्या बायकोनं मात्र लग्नानंतर नवऱ्याच्या लोखंडी पेटीतले सगळे कागद लावले होते. सातबारा, विम्याच्या पावत्या, आणि त्यात नागपूरच्या दवाखान्याची पिवळी पडलेली फाइल.

ती वाचताना मला सापडलेल्या खजिन्यासारखं वाटलं. उजव्या डोळ्याच्या काचेची जाडी मधोमध ५२८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). वक्रता सरासरी ४४.५०, चष्म्याच्या नंबराच्याच मापात. पात्याच्या यंत्रानं वरून १३० मायक्रॉनची पापुद्र्यासारखी झडप उचलली, त्याखालून लेसरनं ७४ मायक्रॉन खरडले, झडप परत बसवली. साधारण केसाच्या जाडीइतकं मांस गेलं असं समजा. एक नंबर घालवायला सहा मिलिमीटरच्या वर्तुळात ढोबळ मानानं बारा मायक्रॉन लागतात, साडेपाचला सहासष्ट; कडा मऊ करायला वरचे आठ गेले असावेत. खाली उरले ३२४. किमान २५० उरलेच पाहिजेत असा जुना दंडक, आता पुष्कळ डॉक्टर ३०० धरतात. म्हणजे तेव्हाच्या सर्जननं हात राखून काम केलं होतं. तीन महिन्यांनंतरची नोंदही होती: नंबर शून्य, वक्रता ४०.००.

या आकड्यांना महत्त्व आहे, कारण खऱ्या अर्थानं ‘उतरणं’ म्हणता येईल असा एकच प्रकार आहे आणि तो वाईट आहे. काच फार पातळ झाली असेल, किंवा आधीपासूनच तिच्यात कमजोरी असेल, तर वर्षांनंतर ती पुढे फुगायला लागते. डोळ्याच्या आतला दाब तिला ढकलतो. नंबर वाढतो, आडवा-तिरपा होतो, चष्म्यानंही पुरता सुधरत नाही. तिथे पुन्हा लेसर मारणं म्हणजे गळक्या धरणाची भिंत अजून खरडणं. म्हणून लेसरनंतर परत आलेला नंबर दिसला की आधी काचेचा नकाशा काढायचा, मग बाकीचं बोलायचं. तो नकाशा माझ्या दुकानात निघत नाही, त्याला नागपुरात पाठवलं.

नकाशा नोव्हेंबरच्या शेवटी निघाला, तोवर शुगर स्थिरावली होती. काच कुठे फुगलेली नाही, चपटा भाग मधोमध, जसा पाहिजे तसा. वक्रता ४०.२५. साडेसोळा वर्षांत फरक पाव. झडपेची कड तपासणीच्या सूक्ष्मदर्शकातून बारीक रेघेसारखी अजून दिसते. ती कायम दिसणार. झडप कडेनं भरून येते, पण आतून पहिल्यासारखी कधीच चिकटत नाही, त्यामुळे डोळ्याला जोराचा मार लागला तर वर्षांनंतरही ती सरकू शकते. बैलाचं शिंग, पऱ्हाटीची काडी, आमच्याकडे मार लागायला निमित्तं पुष्कळ. बाहुल्या मोठ्या करून पडदाही तपासला, तोही स्वच्छ.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी नंबर काढला. उजवा उणे पाऊण, डावा उणे अर्धा. पंधरा दिवसांनी परत काढला. तोच. आता हा खरा नंबर.

हिशेब

उजव्या डोळ्याच्या पाऊण नंबरातला जेमतेम पाव पुढच्या काचेचा. लेसरनंतर काचेवरचा वरचा थर खड्डा भरून काढायला थोडा जाड होतो. त्यातलं बरंचसं पहिल्या काही महिन्यांतच होऊन जातं, थोडं पुढे चालू राहतं. बाकीचा अर्धा मागचा, म्हणजे डोळ्याच्या गोळ्याची लांबी आणि भिंगाचं वय. डोळ्याची लांबी आज २६.१ मिलिमीटर आहे, सर्वसाधारण डोळा साडेतेवीसच्या आसपास असतो. २००८ ची लांबी फाइलमध्ये नाही, तेव्हा मोजलीच नव्हती, त्यामुळे भिंगाचा वाटा किती आणि लांबीचा किती हे वेगळं करता येत नाही.

खरडलेली काच परत उगवत नाही. साडेपाच नंबर गेला तो गेलाच. त्यानंतर आलेला पाऊण हा बहुतांशी नवा आहे, जुना परत आलेला नाही. ज्याला बोलीत उतरणं म्हणायचं ते साडेपाचातलं पाव आहे. स्पेनमधल्या आलिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दहा वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला होता. उणे दहापर्यंत नंबर असलेल्या डोळ्यांत चारातले जवळपास तीन डोळे दहा वर्षांनीही एका नंबराच्या आत होते, आणि साधारण पाचातल्या एकाला मध्ये कधीतरी दुसऱ्यांदा लेसर लागलं होतं. आमचा कृषी केंद्रवाला साडेसोळा वर्षांनी पाऊणवर आहे. चांगल्या निकालाच्या रांगेतला माणूस ‘उतरलं’ म्हणून रडत आला होता.

त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, “मंग तो पाऊण बी काढून टाका नं. पुन्हा करून घेतो.”

नागपूरच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की काच पुरेशी आहे, करता येईल, पण सध्या करू नये. शुगर नुकतीच आवरली आहे हे एक. जुनी झडप इतक्या वर्षांनी उचलली तर तिच्याखाली वरच्या थराच्या पेशी शिरण्याचा धोका वाढतो, म्हणून करायचंच तर वरून, झडप न उचलता, हे दुसरं. तिसरं कारण मी दुकानात दाखवलं.

त्याच्या खिशात तीच बाटली होती, तीन मिलीवाली. माझ्याकडे आणायची त्याला कोणी सांगितली नव्हती, त्यानं मुद्दाम आणली होती. चष्म्याविना वाच म्हणालो. घडघड वाचलं, खालच्या बारीक ओळीसकट. मग डोळ्यावर तपासणीची फ्रेम चढवून उणे पाऊण आणि उणे अर्धा टाकला. लांबचा तक्ता एकदम लख्ख. “आता बाटली वाच.” त्यानं बाटली हातभर लांब नेली. मग आणखी लांब. वाचली, पण अडखळत.

“पुन्हा लेसर केलं तर हे असं दिसणार. आज चाळिशी दारात आहे, पाच वर्षांनी घरात येईल, मग हाताची लांबीही पुरणार नाही.”

चाळिशी हा आपल्या भाषेनं फार प्रामाणिकपणे ठेवलेला शब्द आहे. वयही सांगतो, चष्माही सांगतो. भिंग ताठ होत जातं आणि जवळ बघायला फुगेनासं होतं, याला लेसर केलेला न केलेला असा भेद नाही. ज्याला कधीच चष्मा लागला नाही त्यालाही चाळिशी लागते. लेसर केलेल्यांना ती जास्त टोचते, कारण त्यांना वाटलेलं असतं की चष्म्याचा विषय आपण पैसे मोजून संपवला. आणि ज्याच्या डोळ्यात उणे पाऊण उरला आहे त्याला हा उरलेला नंबर फुकटची चाळिशी पुरवतो. जो नंबर हा माणूस ‘उतरलं’ म्हणून काढायला निघाला होता, त्याच्यावरच त्याचं दुकान चालतं आहे. रात्री गाडी चालवायला एक हलका चष्मा केला, तो गाडीच्या डिकीत असतो. दिवसभर चष्मा नाही.

डोळे कोरडे पडण्याची तक्रार त्यानं जाता जाता केली. लेसरनंतर काचेच्या नसा कापल्या जातात म्हणून पहिलं वर्षभर कोरडेपणा असू शकतो, पण त्याचा आताचा कोरडेपणा छतावरच्या पंख्याखाली दिवसभर मोबाइलमध्ये बघण्याचा आहे. पंखा सरकवायला सांगितला.

फाइलवर काय लिहिलं

त्या पिवळ्या फाइलच्या पुठ्ठ्यावर मी मार्करनं मोठ्या अक्षरात लिहून दिलं: ‘२००८ मध्ये लेसिक झाले आहे. मोतीबिंदू ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना दाखवणे.’

कारण आपल्या देशात मोतीबिंदू लवकर येतो, मधुमेहात आणखी लवकर, आणि आमच्याकडे तो बहुधा शिबिरातच काढतात. त्याच्या आईचा साठीत निघाला. डोळ्यात बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना यंत्र काचेच्या पुढच्या वक्रतेवरून मागच्या बाजूचा अंदाज धरतं. लेसरनं पुढची बाजू चपटी केलेली, मागची तशीच. अंदाज चुकतो, भिंग कमी ताकदीचं बसतं आणि माणूस अधिक नंबराचा चष्मा घेऊन घरी येतो. यासाठी वेगळी सूत्रं आहेत, पण ती वापरायची तर लेसर झालंय हे डॉक्टरांना कळायला हवं. झडपेची रेघ गर्दीच्या शिबिरात कोण बघतं? साठीच्या माणसाला विचारलं, आधी डोळ्यांचं काही ऑपरेशन झालं का, तर तो ‘नाही’ म्हणतो. लेसरला तो ऑपरेशन धरतच नाही.

काचबिंदूचंही तसंच. पातळ झालेल्या काचेवरून डोळ्याचा दाब मोजला की तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. आकडा चांगला आला म्हणून निवांत राहू नये, मागची नस पाहून घ्यावी. आणि पडदा. साडेपाच नंबराचा लांबट डोळा लेसरनंतरही लांबटच राहतो, त्याचा पडदा ताणलेलाच असतो. चष्मा गेला म्हणजे डोळा साधा झाला असं नाही. त्यात आता मधुमेह. वर्षातून एकदा बाहुल्या मोठ्या करून तपासणी, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात किंवा यवतमाळला, जिथे सोयीचं पडेल तिथे. त्यानं मान डोलावली. बायकोनं कॅलेंडरवर लिहून घेतलं, माझा भरवसा त्या लिहिण्यावर.

पुतणी

डिसेंबरच्या त्याच भेटीत पुतणी आली, बाप सोबत. पोरगी धीट. मला आबाजी म्हणते.

“आबाजी, लेसरनं डोळा जळत नाही का?”

नाही जळत. मद्रासमध्ये जन्मलेल्या रंगस्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ साली अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर हे अतिनील लेसर मारून पाहिलं होतं, कडा न जळता कापलं गेलं. तिला ही गोष्ट फार आवडली, बापाला नाही.

बापाला आकडा हवा होता. किती वर्षं? मी वही काढली आणि तिचं पान तिच्यासमोर ठेवलं. सतराव्या वर्षी उणे साडेतीन. अठराव्या वर्षी सव्वाचार. आज, वीसला, पाच. काकाचं पान शेजारी उघडं ठेवलं. तिनंच बोट फिरवलं.

“काकाचा दोन वर्सात पावच वाढला होता. माहा तं पाऊण.”

आज लेसर केलं तर ते आजचे पाच नंबर काढेल, आणि डोळा पुढे वाढतच राहील. याच वेगानं दोन वर्षांनी पाऊण नंबर नवा येईल, आणि गावात अजून एकाचं लेसर ‘उतरेल’. शिवाय बोलता बोलता ती उजव्या हाताच्या मुठीनं डोळा चोळत होती. चार-पाच वेळा. दिवाळीच्या सुट्टीत शेतात कापूस वेचायला होती, तेव्हापासून डोळे खाजतात म्हणाली. चोळण्याची सवय आणि वाढता नंबर एकत्र दिसले की काचेचा नकाशा लेसरसाठी नव्हे तर तसाच काढावा लागतो, काच शंकूसारखी पुढे येत नाही ना हे पाहायला. खाजेच्या थेंबांसाठी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं, नकाशाही सांगितला.

“म्हंजे करूच नये?” बापाचा आवाज हलका झाला. पैसे वाचल्याचा तो आनंद मला ओळखता आला.

“करू नये म्हटलं नाही. आज करू नये म्हटलं.”

जानेवारीत तिनं नकाशाचा फोटो मोबाइलवर पाठवला. काच सरळ आहे, जाडी उजवी ५३६, डावी ५३९. मी ते आकडे वहीत तिच्या नंबराखाली उतरवले आणि पुढच्या ओळीत २०२६ चा डिसेंबर लिहून जागा मोकळी सोडली.